उतरंड वाढवली

दुबईच्या ऊद मेथात राहणाऱ्या मंजुषाताईंना एखादी वस्तू विकायला सांगावी आणि आपण खुशाल चहा प्यायला जावं. परत येईपर्यंत वस्तू गेलेली असते, आणि आपण ती का घेतली हा प्रश्न घेणाऱ्याला लिफ्टमध्ये शिरल्यावर पडायला लागतो. तोवर उशीर झालेला असतो.

हे काही दुबईत शिकलेलं नव्हे. मंजुषाताई मूळच्या फलटणच्या कासार आळीतल्या. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला 'घेणार का?' असं कधी विचारायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा पहिला धडा. हात हातात घ्यायचा, सासरची चौकशी करायची, आणि बाई सासूबद्दल बोलायच्या रंगात आली की तेवढ्यात डझनभर बांगड्या चढवून मोकळं व्हायचं. सासू हा विषय कधी संपत नाही, त्यामुळे कासाराचा धंदाही कधी बसत नाही.

दुसरा धडा आईचा. दुकानात बांगडी फुटत नाही. ती वाढते. सौभाग्याच्या वस्तूला तो दुसरा शब्द लावायचा नाही. लहानपणी एकदा मंजूच्या हातून हिरव्या चुड्याचा अख्खा डबा पडला आणि तिनं चार गिऱ्हाइकांच्या देखत तो शब्द मोठ्यानं उच्चारला. आईनं तिथल्या तिथे तोंडावर अशी चापट मारली, की तो शब्द त्या तोंडात पुन्हा कधी फिरकला नाही. पुढे बांगड्यांपुरता असलेला नियम मंजुषाताईंनी सगळ्या जगाला लावला. त्यांच्या घरी कपबशी वाढते, गाडीची काच वाढते, मोबाइलची स्क्रीन वाढते. मुलगा निनाद पहिलीत असताना शाळेत मॅडमना जाऊन म्हणाला होता, "मॅम, माय बॉटल इन्क्रीज्ड." मॅडमनी पालकांना बोलावून घेतलं होतं.

यजमान विजयकुमार एका शिपिंग कंपनीचे हिशेब बघतात. घरातलं बाकी सगळं मंजुषाताई बघतात, असं विजयकुमारच सांगतात, आणि सांगताना एकदा बायकोकडे बघून घेतात. निनाद शिकायला कॅनडात गेला तेव्हा दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मंजुषाताईंना बोलायला कोणी उरलं नाही. विजयकुमार होते, पण ते ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हेत, ऐकल्यासारखं करणाऱ्यांपैकी. अशात कोणीतरी त्यांना रास अल खोरला आभाच्या कलाशाळेत घेऊन गेलं.

शाळा म्हणजे काय, गॅरेजच्या रांगेतलं एक गोदाम. अलीकडे गाड्या रंगवतात, पलीकडे लाकडाची खोकी ठोकतात, मध्ये आभाची मुलं माती मळतात. मुलं म्हणायचं आपलं. त्यांत आठवीतली पोरं, नोकरी सोडलेले इंजिनियर आणि मंगळवारच्या वर्गात एक मंजुषाताई. मातीला हात लागला आणि बाईंचं तासभर तोंड बंद झालं. ही बातमी ऊद मेथात पोचली तेव्हा कोणाचा विश्वास बसेना.

आता खरं सांगायचं तर हाताला कला अशी काही नव्हती. त्यांनी पहिल्यांदा मोर केला तेव्हा आभानं फार आदरानं विचारलं, "ताई, हत्ती आहे ना?" पण मंगळवार त्यांनी चुकवला नाही. आठवड्यातले सहा दिवस त्या मंगळवारची वाट बघायच्या. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि मंजुषाताईंनी कोणाला न सांगितलेली गोष्ट एवढी एकच असावी.

तर त्या शाळेवरच गदा आली. गोदामाचा मालक म्हणाला, महिनाअखेरीला वर्षाच्या भाड्याचे चेक द्या, नाहीतर एक टायरवाला किल्ली घ्यायला तयार बसलाय. आभाचा चेहरा उतरला. मंजुषाताई म्हणाल्या, "एवढी शिल्पं करून ठेवलीत, ती काय चाटायची आहेत? विका की!"

आभानं आधी रीतसर परवानगी काढली, कारण त्या देशात निधी हा शब्द परवानगीशिवाय तोंडातून काढायचा नसतो. मग ऊद मेथात एक हॉल घेतला, शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या तरुण कलाकारांची भाजलेल्या मातीची शिल्पं मांडायचं ठरवलं, आणि विक्रीची सगळी सूत्रं मंजुषाताईंच्या हाती दिली. निनादनं कॅनडाहून फोनवर सांगितलं, "आई, प्लीज, माझ्या मित्रांच्या पेरेंट्सना गाठू नकोस." मंजुषाताईंनी त्याच मित्रांच्या आईबापांना सगळ्यात आधी फोन केले.

सगळ्या शिल्पांत मोठं होतं मिहिकाचं. मिहिका जेमतेम बावीस-तेवीसची, दुबईतच जन्मलेली, मराठी समजणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. तिनं उतरंड केली होती. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर त्याहून लहान, अशी सात मडकी, आणि प्रत्येकावर एका बाईचा चेहरा. फोटो बघितल्याबरोबर ती बुक केली अजीजभाईंनी. अजीजभाई राजापूरकडचे, दुबईच्याच करामा भागात त्यांची दोन हॉटेलं, तिसऱ्याच्या दारात त्यांना ही उतरंड उभी करायची होती. बारा हजार दिरहॅम! म्हणजे आपले किती? मंजुषाताईंनी मोठ्यानं हिशेब केला, "जवळजवळ तीन लाख की हो!" बाकीची सगळी शिल्पं मिळून जेवढे आणतील, त्याहून ही एकटी जास्त. उतरंड गेली तर भाड्याचे चेक निघणार होते, नाही गेली तर टायर.

आणि इथेच मंजुषाताईंनी हौस केली. बाकीची शिल्पं आदल्या दिवशीच हॉलमध्ये आली. आभा म्हणाली, उतरंडही आणून ठेवू. मंजुषाताई म्हणाल्या, "नवरीला आधीपासून मांडवात आणून बसवतात का? अजीजभाई पाच वाजता येणार. त्यांच्या डोळ्यांसमोर वाजतगाजत येऊ दे." झालं. प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी उतरंड आणायचं काम दत्तारामवर सोपवलं गेलं.

दत्ताराम देवगडकडचा. शाळेशेजारच्या खोकी ठोकणाऱ्याकडे पिकअप चालवायचा. माणूस सज्जन, पण आवाज असा की लॉटरी लागल्याचं सांगितलं तरी ऐकणारा 'कधी गेले?' म्हणून विचारेल.

दुपारी विक्री जोरात सुरू झाली. आभानं टेबलांवर 'कृपया हात लावू नये' अशा पाट्या ठेवल्या होत्या. त्या मंजुषाताईंनी गोळा करून टेबलाखाली ढकलल्या. "हात लावल्याशिवाय बांगडी तरी जाते का?" कोणी समोर आलं की शिल्प सरळ त्याच्या हातात. एका तरुणानं एक वेडंवाकडं शिल्प उलटंसुलटं करून विचारलं, "हे नेमकं काय आहे, आंटी?"

"घरी ठेवलं की कळेल. लग्न झालंय?"

"नाही अजून."

"मग घेऊन ठेव. मुलगी बघायला येईल तेव्हा तिला विचार. जी सांगेल तिच्याशी कर."

त्यानं घेतलं.

असं सगळं रंगात असताना फोन वाजला. दत्ताराम. मागे ट्रकांचे भोंगे, वारा, कुणाची तरी आरडाओरड.

"ताई, ऐकतास मां? उतरंड वाढवली हां!"

"काय?"

"वाढवली, वाढवली! आता निघतंय. गाडी चालवताना फोन उचलूचंय नाय, फाइन लागता." आणि फोन बंद.

मंजुषाताईंच्या हातात त्या वेळी कोणाचीतरी मातीची मासोळी होती. ती त्यांनी अगदी हळू टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात पदराला पुसले. उतरंड वाढवली. खलास.

फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. दत्ताराम कायदा पाळणारा माणूस, उचलेना. एरवी सगळे कायदे मोडतात मेले, आणि आजच याला शिस्त सुचली!

डोक्यात एकच चक्र. नवरीला आधी बसवायचं नाही म्हणून कोणी सांगितलं? मी. आदल्या दिवशी आणू म्हणत होती कोण? आभा. आभा कोपऱ्यात कुणा अरबी बाईंना मातीचा रंग समजावून सांगत होती, आणि किती दिवसांनी हसत होती! तिला कसं सांगायचं?

इतक्यात मिहिकाच नाचत आली.

"काकू! दत्ताराम अंकलचा फोन आला?"

"आला गं बाई."

"सो यू नो!" पोरीचा चेहरा फुललेला.

"तुला... ठाऊक आहे?"

"ऑफ कोर्स! आय टोल्ड हिम टु डू इट."

मंजुषाताईंनी टेबलाचा काठ धरला. "तू सांगितलंस? मुद्दाम?"

"मॉर्निंगला ठरवलं. काकू, इट वॉज टू नीट. टू परफेक्ट. आता बघा तुम्ही, नाऊ इट हॅज लाइफ." आणि ओठांवर बोट ठेवून, "आभा टीचरला सांगू नका हं. सरप्राइज!"

गेली उडत. मंजुषाताई तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत राहिल्या. वेड लागलं म्हणावं, तर पोरगी शहाणी. मग त्यांना आठवलं, अबू धाबीच्या एका प्रदर्शनात त्यांनी खापऱ्यांचा नुसता ढीग बघितला होता, त्याला दोरी बांधलेली, शेजारी गणवेशातला पहारेकरी उभा. विजयकुमारांनी हळूच विचारलं होतं, "झाडायचं राहिलंय का?" तर ती कला होती म्हणे. म्हणजे हीही त्याच पंथाला लागली! आमच्या वेळी अशा मुलींना धांदरट म्हणायचे, आता त्यांची प्रदर्शनं भरतात.

पण अजीजभाईंना काय सांगायचं? त्या माणसानं दारात उभी करायला उतरंड मागितली होती, ढीग नव्हे.

इथून पुढे मंजुषाताईंनी जी विक्री केली तिला विक्री म्हणत नाहीत. एका बाईंनी सुंदर कासव उचललं, तर त्या म्हणाल्या, "बघा बाई, जपवणार असेल तरच घ्या. मातीचा काय भरवसा!" बाईंनी कासव परत ठेवलं. खाण्याच्या टेबलावर मिसळ होती, तिथल्या दर्शनावहिनींनी प्रेमानं हाक मारली, "मंजुषाताई, सकाळपासून उपाशी आहात. वाढू का?"

"खबरदार!" ताई ओरडल्या.

दर्शनावहिनींच्या हातात डाव तसाच राहिला. मिसळीत काय कमी पडलं यावर त्या टेबलामागे बराच वेळ चर्चा चालली, आणि एकीनं फरसाण मऊ पडल्याचं कबूलही करून टाकलं.

लपवावं का? सांगावं का? वडील सांगायचे, पिचलेली बांगडी गिऱ्हाइकाच्या हातात भरायची नाही. दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण मनगट कापलं तर ती बाई सात गावांत सांगेल. मंजुषाताईंनी ठरवलं. अजीजभाई आले की दारातच सांगायचं. मग उतरंड गेली, भाडं गेलं, मंगळवार गेला. गेला तर गेला. सांगायचं.

अजीजभाई आले ते पाचाच्याही आधी. पांढराशुभ्र शर्ट, अत्तराचा घमघमाट, आणि सोबत हॉटेलातल्या चिकन समोशांचा डबा.

"सलाम, बाई! कुठंय आमची उतरंड? माझ्या आईची होती राजापूरला, अशीच. तिसऱ्या मडक्यात चिंच ठेवायची. आम्ही पोरं वरची दोन उतरवून चोरायचो, आणि परत लावताना क्रम चुकला की मार खायचो."

डोळे खाली घालून मंजुषाताई म्हणाल्या, "अजीजभाई, एक सांगायचंय. मनाला लावून घेऊ नका. दत्तारामचा फोन आला होता. उतरंड... वाढवली हो."

अजीजभाईंच्या घरी बांगड्यांचं शास्त्र वेगळं असावं. त्यांचे डोळे चमकले. "अरे वा! किती?"

"किती म्हणजे? एकदा वाढवली म्हणजे वाढवली. किती, ते गाडी आल्यावर कळेल."

"आणि मग दामसुद्धा वाढवणार! मला ठाऊक होतं, बाई. कासाराच्या मुलीशी सौदा केला, तेव्हाच बायको म्हणाली होती, खिसा शिवून जा."

मंजुषाताईंना संताप आला. "माझा इथं जीव जातोय, आणि तुम्हाला थट्टा सुचते?"

"बरं बरं, रागावू नका. मी काय एक-एक नग मोजून घेणारा माणूस आहे का? जे येईल ते सगळं माझं. ठरल्याहून थोडं जास्तच देईन. शाळेचं काम आहे."

आता मात्र मंजुषाताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. काय मनाचा मोठेपणा! असली माणसं आहेत म्हणून दुनिया चालते. पण बापाचा धडा पुन्हा टोचला, कारण भल्या माणसाला फसवणं तर त्याहून वाईट.

"अहो भाई, पण तुकडे घेऊन तुम्ही काय करणार?"

"तुकडे?" अजीजभाईंचा डबा धरलेला हात खाली आला. "कसले तुकडे?"

"उतरंडीचे."

"तुम्ही तर म्हणालात वाढवली!"

"मग तेच म्हणतेय ना! वाढवली म्हणजे... म्हणजे ती... अहो, वाढवली!" तो दुसरा शब्द जिभेच्या टोकापर्यंत यायचा आणि फलटणची चापट आठवून परत फिरायचा. त्यांनी दोन्ही हातांनी वरून खाली काहीतरी कोसळल्याची खूण केली, तोंडानं 'धप्प' केलं आणि डोळे मिटले.

"या अल्ला!" अजीजभाई भिंतीला टेकले.

आणि बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला.

मंजुषाताई दाराकडे गेल्या नाहीत. त्यांच्यानं जाववेना. मागे जे मऊसं दिसलं त्यावर त्या बसल्या. ते होतं शिल्पं गुंडाळून आणलेल्या फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकचं गाठोडं. फट् फट् फट् फट्! सगळा हॉल दचकून वळला. आभा कोपऱ्यातून किंचाळली, "काय वाढलं?" मंगळवारच्या वर्गात बसून तिलाही ती सवय लागली होती.

दत्ताराम छातीशी एक लहानसं खोकं कवटाळून आत आला. चेहरा नेहमीचा, म्हणजे दुखवट्याचा. मागून दोघेजण मोठी खोकी घेऊन.

"ताई, ह्या आठवा आधी खंय ठेवू?"

"आठवं काय?" मंजुषाताई गाठोड्यावरून न उठताच म्हणाल्या.

"मडका." त्यानं मिहिकाकडे मान केली. "बायग्यान सकाळी दिल्यान, भट्टीतसून ताजा काढून. म्हणाली, काका, ह्यापण घ्या, उतरंडीर सगळ्यात वर बसतला. मगे मी तुमका फोनार नाय सांगितलंय? उतरंड वाढवली म्हणान?"

आधी अजीजभाईंना खोकल्यासारखं काहीतरी झालं, आणि ते हसू निघालं. मंजुषाताईंनी मिहिकाकडे बघितलं, दत्तारामकडे बघितलं, खोक्यांकडे बघितलं. "सगळी धड आहेत?"

"धड नाय तर काय? मांडीर घेतल्यासारखी आणलंय."

"एकालाही काही नाही?"

"काही म्हणजे?"

"म्हणजे वाढ—" आणि मंजुषाताईंनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मग त्या जे हसायला लागल्या ते थांबेचनात. हसताना गाठोडं फटाफट वाजत होतं, त्यामुळे आणखी हसू येत होतं. दर्शनावहिनींनी पाणी आणलं, पण देताना 'देऊ का' म्हणून विचारलं, 'वाढू का' नाही. मिहिका "व्हॉट हॅपन्ड? व्हॉट हॅपन्ड?" करत फिरत होती, आणि तिला समजावून सांगण्यासारखं इंग्रजी तिथं कोणाकडे नव्हतं.

उतरंड उभी राहिली. एकावर एक आठ चेहरे. सगळ्यात वरचं मडकं इवलंसं, त्यावरच्या बाईचं तोंड उघडं, गाल फुगलेले, बोलता बोलता थांबल्यासारखे. आभानं तिच्याकडे बघितलं, मंजुषाताईंकडे बघितलं, आणि ओठ दाबून खाली बघितलं. मिहिका म्हणाली, "काकू, दॅट्स यू." सात नीटनेटक्या बायकांवर एक बडबडी हवी होती म्हणे.

मंजुषाताईंनी नाक मुरडलं. "माझं नाक एवढं आहे का?"

"आहे," अजीजभाई म्हणाले, आणि चेकबुक काढलं. ठरल्याहून जास्त देईन म्हणाले होते, ते त्यांनी दिलं. वर आठव्या मडक्यासाठी समोशांचा डबा. मंजुषाताईंनी पुढचा सगळा वेळ अशी विक्री केली की कासव ठेवून गेलेल्या बाईंना पार्किंगमधून परत आणलं. दत्तारामला त्यांनी दोन प्लेट मिसळ खायला घातली आणि दर घासाला एक शिवी दिली. "मेल्या, तुझ्या आईनं कधी बांगडी वाढवली नाही का? आठवं मडकं घातलं असं सांगता येत नाही?"

"माका काय ठाऊक, तुमी मडक्यांकपण बांगड्यो भरतास!" दत्ताराम त्याच दुखवट्याच्या आवाजात म्हणाला.

आवराआवर होता होता आभानं गोदामाच्या मालकाला फोन लावला. चेक उद्याच देते म्हणाली. तिकडून इन्शाल्ला ऐकू आलं, तेव्हा ही म्हणाली, "इन्शाल्ला नाही हबीबी, उद्या सकाळी!" फोन ठेवून ती मंजुषाताईंच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

विजयकुमार न्यायला आले. हॉलपासून घर दोन सिग्नलांवर. पहिला सिग्नल गेला, बायको गप्प. दुसरा लाल लागला, तरी गप्प. इतक्या वर्षांत हे असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी ए. सी. कमी केला, कपाळाला हात लावून बघितला.

"विकलं गेलं नाही का काही?"

"सगळं गेलं."

"मग बरं वाटत नाही का?"

"फार बरं वाटतंय," मंजुषाताई म्हणाल्या, आणि सीटवर मागे रेलल्या. "जरा वाटू द्या की."

सिग्नल हिरवा झाला. विजयकुमारांनी गाडी घराच्या दारावरून पुढे नेली आणि एक फेरी जास्तीची मारली. ती फेरी बायकोसाठी होती की स्वतःला मिळालेल्या शांततेसाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.